श्रीधररावांच्या मापाचा अंगरखा

१

शिंप्याच्या घरात माणूस आधी खांद्यावरून ओळखतात, तोंडावरून मागाहून. सावित्रीबाईंच्या सासऱ्यांनी तर मुलगी बघायला गेल्यावर मुलीच्या आधी मुलीच्या बापाचा कोट बघितला होता. "खांदा नीट बसलाय, घराणं चांगलं असणार," एवढं बोलून त्यांनी सोयरीक पक्की करून टाकली. त्या खांद्याच्या जिवावर सावित्रीबाई बेंगळुरात आल्या आणि जे. पी. नगरातल्या या दुकानातच म्हाताऱ्या झाल्या.

पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यांच्या मागे बोळ. सकाळी उठून शटर अर्धं वर करायचं, उंबऱ्यावर पाणी शिंपडून रांगोळीची चार बोटं ओढायची, कावेरीचं पाणी आलं असेल तर कळशा भरायच्या, मशीनला तेल द्यायचं आणि टेप गळ्यात अडकवायचा. गिऱ्हाईक येवो न येवो, टेप गळ्यात हवाच. आताशा गिऱ्हाईक येतच नसे म्हणा. शाळांच्या स्नेहसंमेलनाचे झगे, नाटकवाल्यांचे अंगरखे, कुणाची फॉल-पिको, एवढ्यावर दिवस ढकलायचा. बाकीचा वेळ बाई समोरच्या रस्त्याकडे बघत बसत. रस्त्यापलीकडे यल्लाप्पाची इस्त्रीची गाडी होती. तो तिकडून हात वर करी, या इकडून मान हलवत. कित्येकदा दिवसभरातलं बोलणं तेवढंच होई.

त्यांचे यजमान श्रीधरराव जाऊन काही वर्षं झाली होती. जाऊन म्हणजे वारून नव्हे, नुसते जाऊन. समाजाच्या भजनी मंडळाबरोबर ते गोकर्णाला निघाले. यशवंतपूरच्या फलाटावर बाईंनी त्यांच्या हातात दशम्यांचा डबा दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते समुद्रात आंघोळीला उतरले आणि वर आलेच नाहीत. वाळूवर धोतर आणि सदरा घडी करून ठेवलेला, त्यावर चष्मा. घडीला एक सुरकुती नव्हती, असं बरोबरच्यांनी आवर्जून सांगितलं. कोळ्यांनी जाळी टाकली, पोलिसांनी किनारा पालथा घातला, पण काही हाती लागलं नाही. काही लागलं नाही म्हणून बाईंनीही कुंकू पुसलं नाही.

मुलगा विनोदकुमार के. आर. पुरमला राहायचा. एकाच गावात, पण ट्रॅफिकमुळे परगावात असल्यासारखा. येई तेव्हा तोच विषय काढी.

"आई, शास्त्रात सोय आहे. शरीर मिळालं नाही तर दर्भाची आणि पळसाच्या पानांची बाहुली करतात. तिलाच माणूस समजून अग्नी देतात. पालाशविधी म्हणतात त्याला. येत्या पितृपक्षात करून टाकू. बाबा सुटतील, तूही सुटशील. मग चल आमच्याकडे."

"मला कुठं जायचंय सुटून?" बाई म्हणत.

पण या वर्षी विनोदने भटजींना सांगूनसुद्धा ठेवलं होतं, आणि पितृपक्ष काही लांब नव्हता.

२

भव्या आली ती श्रावणात. मुलगी मूळची बेळगावची, म्हणून मराठी बोलणारी. शहरातल्या एका खासगी संग्रहालयात कामाला होती. तिथे उत्तर ध्रुवाकडच्या माणसांचं प्रदर्शन भरायचं होतं. हल्लीच्या नव्हे, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. ती माणसं बर्फात राहून हाडाच्या सुईने शिवत, पक्ष्याच्या हाडाच्या नळीत सुया ठेवत, दगडाच्या दिव्यात चरबी जाळत. सगळ्या वस्तूंचे नमुने तयार होते. राहिला होता एक अंगरखा.

"नाटकाचे कपडे तुम्ही करता असं ऐकलं, काकू. पण हे कापड नाही हं," म्हणत भव्याने पिशवीतून एक भेंडोळं काढलं.

कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पिवळट पट्ट्या होत्या. हात लावला की सळसळ वाजत. बाईंनी एक पट्टी उजेडात धरली तर पलीकडची यल्लाप्पाची गाडी दिसली, धुक्यातून दिसावी तशी.

"हे काय गं?"

"मेंढीचं आतडं. धुऊन, फुगवून, वाळवून, चिरलेलं. तिकडं सीलचं, समुद्रातल्या एका जनावराचं, वापरत. पाण्यात जाणाऱ्या माणसासाठी असायचा हा अंगरखा. आत थेंब जाऊ नये अशी शिवण."

ज्या घरात अंडं येत नव्हतं तिथे आतडं आलं. बाईंनी पदराला हात पुसले. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच मिटलं. नाही म्हटलं असतं तर ही पोर उठून गेली असती, आणि मग संध्याकाळपर्यंत पुन्हा तो रस्ता, ती मान हलवणं. शिवाय श्रीधरराव म्हणत, शिंप्याने शिवण बघावी, कापडाची जात बघू नये. बाईंनी चहा टाकला.

चहा पिता पिता भव्याने बरंच सांगितलं. "त्या लोकांना वाटायचं, काकू, की जनावर काही मारलं जात नाही, ते आपणहून येतं. ज्याच्या अंगावरचं नीट, देखणं शिवलेलं असेल त्याच्याकडे येतं. आणि घरी आणलेल्या सीलच्या तोंडात बायको आधी गोडं पाणी घालायची. जन्मभर खाऱ्यात राहिलेलं, तहानलेलं असतं ना ते."

"मग आपल्यासारखंच की," बाई म्हणाल्या. "आल्यागेल्याला आधी पाणी."

भव्या हसली. जाताना तिने फोटो दिले, शिवणीची आकृती दिली आणि एक सूचना दिली. हे आतडं वाळलं की कडक होतं, नुसतं उभं राहतं, ओलसर असेल तर अंगाला बसतं. तेव्हा शिवताना ओल्या हाताने शिवायचं.

"माप?" बाईंनी विचारलं.

"माप कशाला? काचेच्या पेटीत टांगायचाय. कुणाच्याही मापाचा चालेल."

आता कुणाच्याही मापाचा म्हणजे काय? डॉक्टरला कुणाच्याही तापावर औषध लिहायला सांगण्यासारखंच झालं. भव्या गेल्यावर बाई बराच वेळ खडू घेऊन बसून राहिल्या. माप असल्याशिवाय कात्री चालवायची नाही, हे त्यांच्या हाताला लहानपणापासून शिकवलेलं. शेवटी हात आपला आपणच निघाला. छाती, बाही, पाठ, मान. कुठेही लिहिलेलं नव्हतं, लिहायची कधी गरजच पडली नव्हती. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. जन्मभर जड इस्त्री त्याच हाताने ओढून पडलेला.

३

शिवायला खूप दिवस लागले. दोन पट्ट्यांच्या कडा एकमेकींत दुमडायच्या आणि टाका अर्ध्या जाडीतूनच न्यायचा, आरपार नाही. आरपार गेला की तिथून पाणी शिरणार. मशीन इथे कुचकामी. बाई ओली बोटं करून खिडकीशी बसत आणि टाक्यामागून टाका घालत. असलं काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं, आणि इतकं चांगलंही केलं नव्हतं. एकदा यल्लाप्पा कपड्यांचा गठ्ठा द्यायला आला आणि बघतच राहिला.

"अक्का, हे काय प्लास्टिक?"

"प्लास्टिक म्हण. सरी, चालेल."

"कुणाला?"

"संग्रहालयाला," बाई म्हणाल्या. तरी तोंडात दुसरंच नाव आलं होतं.

अंगरखा झाला तेव्हा त्यांनी तो लाकडी पुतळ्यावर चढवला, त्याला जोडलेली टोपी सारखी केली आणि दोन पावलं मागे सरून बघितलं. डाव्या खांद्यावर एक आडवी चुणी होती. ती असणारच, कारण पुतळ्याचे खांदे सरळ होते. अंगरखा ज्याचा होता तो आत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करताना त्यांना टोपीच्या तोंडाशी काहीतरी चमकलेलं दिसलं. जवळ जाऊन बघतात तर आतल्या बाजूने दव. बारीक बारीक थेंब, थंडीत बसच्या काचेवर तोंडाच्या वाफेने धरतात तसे. बाहेरून अंगरखा कोरडा खडखडीत.

पावसाळी हवा, बाई मनाशी म्हणाल्या. बेंगळूरची हवाच ओली, त्यात कातडं पाणी धरतं. हळद दमट होते, मीठ दमट होतं, मग आतडं का होणार नाही? त्यांनी पंच्याने टोपी आतून पुसली. पुसताना पंचा हाताबरोबर किंचित आत ओढला गेला आणि परत सुटला. मग पुन्हा ओढला गेला.

त्यांनी पंचा काढून घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच दोन भांडी घासली.

४

दमट मिठाची गोष्ट सोडा. वास कुठून आला हे काही त्यांना सांगता येईना. बेंगळूर समुद्रापासून किती लांब, आणि दुकानात मात्र ओल्या वाळूचा, शेवाळाचा वास. दुपारी पंखा बंद केला की तो जास्त येई. भव्याला फोन करून त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, आतडं आहे काकू, वास यायचाच. ते पटण्यासारखं होतं. मेंढी समुद्रात राहत नाही हे फोन ठेवल्यावर आठवलं.

आणि अंगरख्यात जुनं असं काहीच नव्हतं, हेही त्या मनाला पुन्हा पुन्हा बजावत. आतडं शिवाजीनगरच्या खाटकाकडचं, दोरा चिक्कपेठेतला, सुई तर त्यांचीच. घाबरायचं कशाला? आपल्याच हाताने शिवलेल्या कपड्याला शिंपी घाबरायला लागला तर पोट कसं भरायचं?

एका सकाळी कळशा भरून झाल्या आणि त्या पेलाभर पाणी पीत पुतळ्यासमोर उभ्या होत्या. घरात चिटपाखरू नाही. सहज, थट्टेने, तोंडातून गेलं, "काय हो, तहान लागली का?"

म्हणायचं म्हणून म्हणाल्या. पण कुणाला तहान लागली का विचारून पाणी न देता फिरणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी दुसरा पेला भरून पुतळ्याच्या पायाशी स्टुलावर ठेवला. दुपारी तो रिकामा होता.

मांजर असेल. मांजर असतं तर पेला सांडला असता. पाल असेल. पाल पेलाभर पाणी पिते? मग त्यांनी विचार करणं सोडून दिलं आणि पेला पुन्हा भरला.

त्यानंतर रोज भरला. आधी स्वतःचा चहा, मग तिकडचं पाणी, असा क्रम होता तो दोनचार दिवसांत उलटा झाला. पाणी ठेवताना बाई चार शब्दही बोलू लागल्या. यल्लाप्पाच्या सुनेला दिवस गेलेत. कोपऱ्यावरची मेस बंद पडली. विनोदचा फोन आला नाही. बोलून झालं की त्या गप्प राहत, आणि पुतळ्याच्या बाजूने सळसळ होई, कुणी बसल्याजागी जरा सावरून बसावं तशी. त्यांना भीती वाटत होती, हे खोटं कशाला सांगा. पण त्याहून जास्त त्यांना बरं वाटत होतं. संध्याकाळी दिवा लावताना घरात आणखी कुणी आहे हे कळणं, एवढ्यासाठी माणूस काय काय चालवून घेतो ते एकट्या राहणाऱ्यालाच माहीत.

एक गोष्ट मात्र शिंपिणीच्या नजरेतून सुटली नाही. डाव्या खांद्यावरची चुणी रोज थोडी थोडी कमी होत होती.

५

रविवारी विनोदकुमार आला. बाई स्वयंपाकघरात होत्या. तो दुकानातून आत आला, चप्पल काढता काढता हळूच म्हणाला, "गिऱ्हाईक बसलंय बाहेर. तू आत काय करतेयस?"

"कुठलं गिऱ्हाईक?"

"अगं, ते..." विनोदने मागे वळून पडदा बाजूला केला. पुतळा कोपऱ्यात उभा होता, पाठ इकडे. "बसलेलं दिसलं मला," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. "हाच का तो संग्रहालयाचा? किती वाजतो गं. मी आत येताना वाजला."

जेवताना त्याने तिथीचं काढलं. पुढच्याच आठवड्यात, भटजी घरीच येणार, दर्भ आणि पळसाची पानं ते आणणार.

"गवताचा करून जाळायचा त्यांना?" बाई म्हणाल्या.

"जाळायचं म्हणजे... आई, किती दिवस अशी बसणार आहेस? ते येणार नाहीत."

"तुला कुणी सांगितलं?"

विनोदने आईकडे नीट बघितलं. मग तो भाताचा घास तसाच ठेवून उठला. हा भलताच कपडा घरात आल्यापासून तुझं काहीतरी झालंय, म्हणाला. आत्ताच्या आत्ता तो उतरवून, गुंडाळून ठेवतो, उद्या त्यांना न्यायला सांगतो. बाई मागून गेल्या तेव्हा त्याने अंगरख्याची उजवी बाही धरली होती आणि पुतळ्यावरून ओढत होता. पुतळ्याला हात नव्हते. बाही सरळ निघून यायला हवी होती.

"अडकतोय," विनोद म्हणाला. त्याने पुन्हा ओढलं. लहान मुलाचा सदरा काढताना कोपर अडतं आणि मग मूल हात मोकळा करून देतं, तसं काहीतरी झालं. बाही मध्येच एकदा सैल पडली. विनोदने हात सोडला.

"आत काय आहे?"

"काही नाही."

"थंड आहे आई. खूप थंड आहे."

त्याने हात पँटला पुसला, पुन्हा पुसला. आईला चल म्हणाला, आत्ता, आहेस तशी. बाई नाही म्हणाल्या. शेवटी तो एकटाच गेला. पाणीसुद्धा न पिता गेला, हे बाईंना फार लागलं. रस्त्यातून त्याने भव्याला फोन केला असणार, कारण थोड्याच वेळात तिचा आला. काकू, उद्या संध्याकाळी टेंपो घेऊन येते. झालाय ना?

"झालाय," बाई म्हणाल्या. खरं तर अजून थोडा व्हायचा होता.

६

सोमवारची सकाळ लख्ख उजाडली. पावसाळ्यात बेंगळुरात असा एखादाच दिवस येतो. शटरच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या सरळ कोपऱ्यात गेल्या होत्या.

अंगरखा पुतळ्यावर नव्हता. मशीनजवळच्या खुर्चीवर होता. ती श्रीधररावांची खुर्ची, बाई तिच्यावर कधी बसत नसत. पाठ रस्त्याकडे, टोपी जराशी खाली झुकलेली, मशीनच्या सुईत दोरा ओवताना झुकावी तशी.

आतडं पारदर्शक असतं हे बाई विसरल्या नव्हत्या, पण आजवर पलीकडून ऊन आलं नव्हतं. ते आज आलं. पिवळ्या पापुद्र्यामागे छातीशी काहीतरी काळसर होतं आणि ते वर जात होतं, खाली येत होतं. बाही मांडीवर टेकली होती. तिच्या टोकाकडे तो काळसरपणा सावकाश सरकत होता. मनगटापर्यंत आला. थांबला. मग एकेक बोट झालं.

बाईंच्या हातात पेला होता. तो घेऊन त्या पुढे झाल्या. पाहुणा घरात आहे आणि पाणी हातात आहे, मग दुसरं काय करणार? त्यांनी पेला टोपीच्या तोंडाशी नेला. आतून गार श्वास आला. पेल्यातलं पाणी कमी होऊ लागलं. घुटका घ्यायचा आवाज मात्र आला नाही, कारण तोंड जिथे असायला हवं तिथे अजून झालेलं नव्हतं. टोपीत त्यांनी क्षणभरच बघितलं. कापडावर खडूने खुणा कराव्यात आणि कात्री अजून लावलेली नसावी, असं होतं ते.

होईल, बाईंच्या मनात आलं. एवढं झालंय तर तेही होईल. आपण काय विचार करतोय हे कळताच त्यांनी टोपीवरची नजर काढून पेल्याकडे वळवली.

पाणी संपलं. अंगरखा सळसळला, सावरून बसला, आणि डावा खांदा बोटभर खाली आला. चुणी नव्हती. बाईंनी आयुष्यात इतका नेमका बसलेला खांदा बघितला नव्हता. त्या तिथेच जमिनीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. भीतीने की आनंदाने ते त्यांना सांगता आलं नसतं.

"आज ते न्यायला येणारेत," शेवटी त्या म्हणाल्या. "मी नाही देणार. विनोदची बाहुली पण नको. तुम्ही फक्त उठून जाऊ नका."

७

दुपारी शटर ओढून घेऊन त्या आतल्या खोलीत चटईवर पडल्या. रडून डोळे जड झाले होते. झोप लागली. मागच्या बाजूला कडी वाजली असं झोपेत वाटलं, पण मांजरं त्या दाराला सारखी धडकत, म्हणून त्यांनी कूस बदलली.

जाग आली ती दार वाजल्याने. पुढचं शटर कुणीतरी हाताने वाजवत होतं, जोरात नाही, घरचं माणूस वाजवतं तसं.

भव्या इतक्यात आली? बाई उठून दुकानात आल्या. फटींतलं ऊन आता निघून गेलं होतं आणि दुकानात अंधूक होतं. खुर्चीत अंगरखा होता. पाठ रस्त्याकडे, ताठ. बाईंना हायसं वाटलं.

"कोण?" त्यांनी विचारलं.

बाहेर कुणीतरी खोकलं. आधी एक मोठा खोकला, मग गिळून टाकलेला एक छोटा.

"सावित्री," बाहेरून आवाज आला. "अगं, दार उघड."

त्या आवाजासाठी बाईंनी किती वर्षं या उंबऱ्याकडे बघितलं होतं! भाजी चिरताना, टाका घालताना, यल्लाप्पाकडे बघून मान हलवताना, कान सतत तिकडेच. त्यांचा पाय उचलला गेलासुद्धा. आणि मग त्यांनी खुर्चीकडे बघितलं.

ते तर इथे बसलेत.

एक माणूस दोन ठिकाणी कसा असेल? इथला त्यांनी आठवणीतल्या मापाने शिवला, स्वतःच्या हाताने पाणी पाजलं, बोट न् बोट होताना बघितलं. मग बाहेरचा कोण? समुद्रातून काय काय येतं, कुणाचा आवाज घेऊन येतं, याच्या गोष्टी भजनी मंडळातल्या बायकांनी तेव्हाच सांगितल्या होत्या. हाक आली तर ओ देऊ नका म्हणाल्या होत्या. बाई मागे सरल्या, खुर्चीच्या जवळ.

"सावित्री, मीच आहे. आलोय मी."

"कुठनं आलात?" बाईंनी आतूनच विचारलं.

"ते मला नीट सांगता यायचं नाही," आवाज म्हणाला. "पण आलोय. दार उघड, मी बाहेर उभा आहे."

आणि का कोण जाणे, बाईंना राग आला. इतकी वर्षं ना चिठ्ठी ना चपाटी. घडी घालून कपडे ठेवायला वेळ होता, सांगून जायला नव्हता. आणि आता, घर पुन्हा भरलेलं असताना, बाहेर उभं राहून हाक मारायची! जो आत आहे तो तर न बोलावता आला, रोज राहिला, ऐकून घेत बसला.

"तुम्ही घर चुकलात," त्या म्हणाल्या. "आमचे हे घरातच आहेत. जा तुम्ही."

शटरवर एकदा बोटं टेकल्यासारखा आवाज झाला. मग पावलं पायरी उतरली. ओल्या कापडाचा पायांत येणारा आवाज रस्त्याने लांब गेला आणि एका बसच्या हॉर्नमध्ये मिसळून गेला.

सुटले, असं बाईंना वाटलं. "गेला हो," त्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या. "कोण होता देव जाणे." धीर हवा होता म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि डाव्या खांद्यावर ठेवला.

अंगरखा करकरला. कोरडा ठणठणीत होता, आतपर्यंत. वाळून कडक झालेला, नुसता उभा राहिलेला. त्यांच्या हाताच्या वजनाने खांदा आत दबला, टोपी मागे पडली, आणि खुर्चीच्या पाठीची लाकडी पट्टी आरपार दिसली. आत काही नव्हतं.

शटर कसं वर केलं हे बाईंना कळलं नाही. पायरी ओली होती. अनवाणी, पदर लोळत, त्या रस्ता ओलांडून यल्लाप्पाच्या गाडीपाशी गेल्या. तो कुणाचा तरी शर्ट उलटा करून इस्त्री फिरवत होता.

"यल्लाप्पा, आत्ता माझ्या दारात कोण होतं?"

"कोण म्हणजे?" यल्लाप्पाने इस्त्री उभी केली आणि तोंडभर हसला. "अण्णा की! मी काय अण्णांना ओळखत नाही? मला वाटलंच, तुम्ही खूश असाल. कधी आले अक्का? सांगितलं पण नाहीत."

"दारात आले तेव्हा कुठनं आले? स्टेशनाकडनं?"

"छे. तुमच्याच घरातनं आले की. मागच्या बोळातनं बाहेर पडले, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले. मी म्हटलं, नळ फुटला की काय. मग फिरून पुढच्या दाराशी आले, केस सारखे केले, आणि दार वाजवलं. मला बरं वाटलं बघा. एवढ्या वर्षांनी येणारा माणूस, पुढच्या दारानंच यायला पाहिजे."

बाईंनी गाडीची कड धरली.

"मग?"

"मग तुम्ही आतनं काय की बोललात. इथं ऐकू आलं नाही. ते स्वल्प वेळ उभे राहिले, मान खाली घालून. आणि गेले."

"कुठं गेले?"

यल्लाप्पाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. ऊन होतं, रिक्षा जात होत्या, ओली पावलं वाळून गेली होती. त्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू कमी झालं.

"अक्का," तो म्हणाला, "तुम्ही काय बोललात त्यांना?"